घरांची मागणी : शून्य

शहराचा वीस वर्षांचा निवासी विकास आराखडा तयार करण्याचा आदेश नगररचना कार्यालयात ज्या सकाळी येऊन पोहोचला, त्या सकाळी तिथल्या आरेखकांच्या मुलीच्या लग्नाला बरोबर आठ महिने झाले होते आणि मुलगी अजून माहेरीच होती. भांडण वगैरे काही नव्हते. नवराबायकोचे एकमेकांवर प्रेम होते, दोघांना नोकऱ्या होत्या. ती दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची, तो बसगाड्यांच्या कार्यशाळेत इंजिने दुरुस्त करायचा. नव्हते ते फक्त घर.

जावयाच्या घरी दोन खोल्या होत्या. त्यात आईवडील, मोठा भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुले आणि तो स्वतः अशी सात माणसे आधीच रचून ठेवल्यासारखी राहत होती. आठव्या माणसासाठी फ्रिज आणि दार यांच्यामध्ये थोडी जागा होती, पण दार उघडायचे असले की ती जागा संपायची. आरेखकांच्या घरी दीड खोली आणि चार माणसे : ते स्वतः, बायको, सासूबाई आणि ही लग्न झालेली मुलगी. भाड्याने खोली बघावी तर घरमालक विचारत, "दोघंच? मग पुढे तीन होणार. नको बुवा." त्यामुळे हे जोडपे रोज संध्याकाळी सहा ते सात सार्वजनिक बागेतल्या एका बाकावर संसार करत होते.

बागेच्या रखवालदाराने पहिल्याच आठवड्यात त्यांना हटकले.

"काय चाललंय इथे? नातं काय तुमचं?"

"नवराबायको आहोत," जावई म्हणाला आणि त्याने विवाह नोंदणीचा दाखला दाखवला. बागेत लागतो म्हणून त्याने तो प्लास्टिकमध्ये बंद करून घेतला होता.

रखवालदाराने दाखला दोन्ही बाजूंनी पाहिला. "नवराबायको असाल तर घरी जाऊन बसा की."

"कुणाच्या?" मुलीने विचारले.

रखवालदाराने जरा विचार केला आणि तो दुसऱ्या बाकाकडे गेला. तिथले जोडपे अविवाहित होते, म्हणजे नियमात बसणारे प्रकरण होते.

तर त्या सकाळी आदेश आला. मुख्य नियोजकांनी, ज्यांना कार्यालयात सगळे नुसते 'साहेब' म्हणत, सर्व कर्मचाऱ्यांना बोलावून तो वाचून दाखवला. शहर वाढत आहे. येत्या वीस वर्षांत चाळीस हजार नवी घरे लागतील. सध्या निवासी वापरासाठी राखून ठेवलेली मोकळी जमीन अकरा हजार घरांना पुरेल एवढीच आहे. सबब आणखी जमीन शोधून ती नकाशावर पिवळ्या रंगाने दाखवावी. पिवळा हा राहण्याच्या जागेचा रंग.

आरेखकांनी एकतीस वर्षांच्या नोकरीत इतक्या आनंदाने कधीच काम केले नव्हते. आठ महिने ज्या गोष्टीसाठी ते दारोदार फिरले, तीच गोष्ट शोधण्याचा त्यांना आता लेखी हुकूम होता. ते मोजणीदारांबरोबर उन्हातान्हात हिंडले, जुने सातबारे आणि मालमत्तापत्रके चाळली आणि दोन महिन्यांत सात जागा शोधून काढल्या. त्यांना क्षेत्र एक ते क्षेत्र सात अशी नावे दिली आणि सातही क्षेत्रे हलक्या हाताने पिवळी केली. एके दिवशी नकाशाची प्रत घरी आणून त्यांनी ती जमिनीवर पसरली. तेवढ्यासाठी सासूबाईंना पलंगावर पाय वर घेऊन बसावे लागले.

"यातलं आमचं कुठलं, बाबा?" मुलीने विचारले.

आरेखकांनी क्षेत्र तीनवर बोट ठेवले. वीस वर्षे बंद पडलेल्या मालगोदामांची ती जागा होती. दवाखाना पायी दहा मिनिटे, बसची कार्यशाळा पंधरा. "इथं," ते म्हणाले. "पूर्वेला खिडकी येईल."

"खिडकी कुठे येईल तेही ठरलं का?" त्यांची बायको स्वयंपाकाच्या ओट्यापासून म्हणाली. "नका हो तिला असलं काही दाखवू. पोरीचं मन आहे ते, तुमचा कागद नाही, खोडलं की कोरं व्हायला."

नकाशावर नागरिकांच्या हरकती मागवण्यात आल्या. चार हजार एकशे बारा आल्या. त्या ठेवायला कार्यालयात जागा नव्हती म्हणून त्या आरेखकांच्या टेबलाखाली ठेवण्यात आल्या आणि आरेखक पाय आखडून बसू लागले. सगळ्या हरकतींची सुरुवात सारखीच होती : 'आमचा घरांना विरोध नाही, परंतु'. त्यानंतर प्रत्येकाचा परंतु वेगळा होता. कुणाचे ऊन अडणार होते, कुणाचा वारा. एका गृहस्थांच्या कुत्र्याला मोकळ्या जागेची सवय होती आणि त्या वयात ती मोडणे बरे नव्हे, असे पशुवैद्याचे प्रमाणपत्र सोबत जोडले होते.

सुनावणी गृहनिर्माण समितीच्या अध्यक्षबाईंपुढे झाली. क्षेत्र तीनच्या वतीने शेजारच्या बंगल्यांमधले एक निवृत्त प्राचार्य उभे राहिले. आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलेला आवाज होता.

"बाई, प्रत्येक माणसाला डोक्यावर छप्पर हवंच. मी स्वतः यावर चार भाषणं दिली आहेत. परंतु गोदामांच्या जागेवर घरं झाली तर काय होईल, याचा आपण विचार केला आहे का?"

"काय होईल?"

"तिथं माणसं राहायला येतील."

अध्यक्षबाई गंभीर झाल्या. "म्हणजे आपली घरांना हरकत आहे का?"

"छे छे! घरं खुशाल बांधा. देखणी बांधा. आमची हरकत फक्त त्यात राहायला येणाऱ्यांना आहे."

अध्यक्षबाईंनी लघुलेखकाला मजकूर सांगितला : "घरे तत्त्वतः मान्य. रहिवाशांबाबत फेरविचार व्हावा."

आरेखक नकाशा धरून कोपऱ्यात उभे होते. त्यांना राहवले नाही. "बाई, तिथं आता उंदरांशिवाय कोणीच नाही. गोदामं पडायला आलीत."

"उंदरांची तक्रार आली आहे का?" अध्यक्षबाईंनी विचारले.

"नाही."

"माणसांची आली आहे," त्या म्हणाल्या आणि क्षेत्र तीन वगळण्यात आले.

दोन दिवसांत सहा क्षेत्रे वगळली गेली. उरले क्षेत्र सात. त्याच्याविरुद्ध एकही हरकत नव्हती, त्यामुळे ते सर्वांत योग्य ठरले. हरकत नव्हती, कारण त्याच्या आसपास कोणी राहत नव्हते, आणि कोणी राहत नव्हते, कारण ती दलदल होती. आरेखकांनी ती यादीत घेतली होती ती केवळ साहेबांना सात हा आकडा आवडतो म्हणून. आता सगळी घरे तिकडे हलवायचे ठरले.

"साहेब, तिथं आठ महिने पाणी असतं," आरेखक म्हणाले.

"आणि उरलेले चार महिने?"

"चिखल."

"मग झालं तर. चिखल म्हणजे जमीनच, जरा पातळ."

परंतु बांधकाम अभियंत्याने हिशेब करून सांगितले, की तेवढ्या जागेत सगळी घरे बसवायची तर सत्तर मजले चढवावे लागतील, आणि ती माती दीड मजला पेलेल. साहेबांनी दोन्ही आकड्यांची सरासरी काढून पाहिली. मग अग्निशमन विभागाचे पत्र आले : क्षेत्र सातला आग लागल्यास आम्हांला होड्या पुरवाव्यात. होडीची तरतूद ज्या विभागाकडे होती तो विभाग समुद्राशी संबंधित असल्याने आणि शहराला समुद्र नसल्याने प्रकरण तिथे अडले.

आराखड्याची मुदत संपत आली. चाळीस हजार घरे आणि जमीन अकरा हजारांची, हे गणित जिथल्या तिथे होते. तेव्हा बाहेरून एक सल्लागार आणण्यात आला. तरुण होता, बुटांना चकाकी होती, आणि तो कधीही खुर्चीच्या पाठीला टेकत नसे.

"आपण चुकीच्या टोकाकडून सुरुवात केलीत," तो म्हणाला. "जमीन वाढत नाही ना? मग जमिनीकडे बघूच नका. मागणी तपासा. घर कोणाला लागतं? कुटुंबाला. शहरात नेमकी कुटुंबं किती, हे कधी मोजलंय?"

साहेबांच्या चेहऱ्यावर कित्येक आठवड्यांनी हसू उमटले. पाहणी सुरू झाली.

पाहणी करणारी मुलगी आरेखकांच्या घरी आली ती रविवारी सकाळी. घामाघूम झाली होती. मुलीने तिला पाणी दिले आणि चौघांसह पाचवे माणूस बसेल अशी जागा करून दिली. जावईही भेटायला आला होता, तो दारात उभा राहिला. प्रश्नावली मोबाईलवर होती.

"या घरात कुटुंबं किती?"

"दोन," मुलगी म्हणाली. "आईबाबा आणि आजी हे एक. मी आणि हे दुसरं."

"तुम्ही दोघं एकत्र राहता?"

"नाही. घर नाही म्हणून."

पाहणीवाल्या मुलीने पडद्यावर बोट फिरवले. "यात लिहिलंय, कुटुंब म्हणजे एका घरात एकत्र राहणाऱ्या व्यक्ती. तुम्ही एकत्र राहत नाही, म्हणजे तुम्ही कुटुंब होत नाही."

"पण आमचं लग्न झालंय!" जावयाने खिशातून दाखला काढला.

"झालं असेल हो, दादा. इथं लग्नाचा रकानाच नाही. ताईंचं नाव त्यांच्या आईबाबांच्या कुटुंबात येईल, तुमचं तुमच्या. दोन्ही कुटुंबांना घर आहे."

"अहो, पण आम्हांला घर मिळालं की आम्ही एकत्र राहू ना!" मुलीचा आवाज चढला.

"मग घर मिळालं की तुमची कुटुंब म्हणून नोंद होईल."

"आणि घर कधी मिळेल?"

"कुटुंब असाल तर." पाहणीवाली मुलगी ओशाळली. तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. "माझ्यावर नका चिडू, ताई. मी तीन मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहते. नोंदीत आम्ही चौघी मिळून एक कुटुंब आहोत. मी कुटुंबप्रमुख."

सासूबाई एवढा वेळ ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "काही हरकत नाही गं बाई. निदान तू तरी प्रमुख झालीस. मला अठ्ठ्याहत्तर वर्षांत कोणी केलं नाही."

पाहणीचा अहवाल मोठ्या सभागृहात मांडण्यात आला. सल्लागाराने पडद्यावर दोन खांब दाखवले, एक कुटुंबांचा, एक घरांचा. दोन्हींची उंची तंतोतंत सारखी होती. ज्यांना घर होते ते कुटुंब ठरले होते, आणि ज्यांना नव्हते ते कुणाच्या ना कुणाच्या कुटुंबात जमा झाले होते. तुटवडा शून्य. चाळीस हजार हा आकडा एक गैरसमज होता, असे सल्लागार म्हणाला. शिवाय शहरात तीन हजार दोनशे घरे नुसती कुलूप लावून ठेवलेली आढळली. त्यांत कोणीच राहत नसल्याने ती शिल्लक धरावी लागली. म्हणजे शहरात घरे कमी नव्हती, जास्तच होती. टाळ्या झाल्या. कुलपे ज्यांची होती त्यांपैकी काही सदस्य पहिल्या रांगेत होते, त्यांनी जरा जास्त वाजवल्या.

"आता नव्या जमिनीचा प्रश्नच उरला नाही," साहेब आरेखकांना म्हणाले. "सातही क्षेत्रांचा पिवळा काढून हिरवा भरा. अकरा हजारांची जी जुनी जमीन होती तीही हिरवी करा. हिरवं बरं दिसतं. सोमवारपर्यंत अंतिम नकाशा द्या."

"साहेब, ती अकरा हजार घरं तरी राहू द्या," आरेखक म्हणाले.

"कुणासाठी?" साहेबांनी अगदी मनापासून विचारले.

त्या आठवड्यात घरची परिस्थितीही बिघडली. जावयाच्या वहिनीला तिसऱ्यांदा दिवस गेले, त्यामुळे फ्रिज आणि दार यांमधल्या जागेचे भवितव्य ठरून गेले. विहीणबाईंनी गोड आवाजात निरोप पाठवला, की सूनबाईने माहेरी निवांत राहावे, घाई नाही. जावयाला दुसऱ्या शहरातल्या कारखान्यातून बोलावणे आले. तिथे राहायला खोली मिळत होती, एकट्याला.

"एकट्याला म्हणजे?" बाकावर मुलीने विचारले.

"सध्या एकट्याला. पुढे बघू."

"लग्नाआधी आपण पाच वर्षं असंच एकेकटे होतो. मग लग्न कशाला केलं?"

"माझ्यावर काय ओरडतेस? मी बांधू का घर, इंजिनाच्या पत्र्याचं?"

त्या दिवशी मुलगी सात वाजता येण्याऐवजी सव्वासहालाच घरी आली. चप्पल काढली, मोरीत गेली आणि नळ मोठा सोडून बराच वेळ तोंड धूत राहिली. दीड खोलीच्या घरात रडायलाही दुसरी जागा नसते. आरेखकांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले. बायकोने ते खाली ओढले आणि त्यांच्याकडे नुसते पाहिले. एकतीस वर्षे त्या बाईने त्यांच्या नोकरीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. तेव्हाही काढला नाही.

सोमवारी आरेखकांनी अंतिम नकाशा सादर केला. सांगितल्याप्रमाणे सगळे हिरवे केले होते. फक्त क्षेत्र तीन पिवळे ठेवले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हुकमाबाहेर रंग भरला होता, आणि कडा कुठेही फुटू दिली नव्हती. नोकरी जाईल, निवृत्तिवेतन जाईल, हे सगळे त्यांनी मनाशी धरूनच नकाशाची गुंडाळी अध्यक्षबाईंपुढे ठेवली.

"सर्व सदस्यांनी नकाशा पाहिला आहे ना?" अध्यक्षबाईंनी विचारले.

"पाहिला," अकराही सदस्य म्हणाले.

"काही सूचना?"

"रंगसंगती छान आहे," एक सदस्य म्हणाले. गुंडाळीची दोरी सुटलेली नव्हती. नकाशा एकमताने मंजूर झाला, साहेबांनी बंद गुंडाळीच्या बाहेरच्या कोपऱ्यावर सही केली आणि चहा आला.

घोळ लक्षात आला तो तीन महिन्यांनी, राजपत्रात नकाशा छापून आल्यावर. प्राचार्यांनी भिंग लावून आपला बंगला शोधला आणि शेजारी पिवळे पाहिले. साहेबांनी आरेखकांना दालनात बोलावून दार लावून घेतले.

"हे पिवळं कसं राहिलं?"

"राहिलं नाही, साहेब. मंजूर झालंय. खाली आपली सही आहे."

"तुम्हांला निलंबित करायला हवं."

"करा, साहेब. कारणात लिहावं लागेल, की समितीने नकाशा उघडलाच नव्हता."

साहेब खिडकीशी जाऊन उभे राहिले. ते वाईट गृहस्थ नव्हते, निवृत्तीला चार वर्षे राहिली होती एवढेच. चूक मान्य करायची तर अकरा सदस्यांनी, अध्यक्षबाईंनी आणि त्यांनी स्वतः न बघता सही केली हे मान्य करावे लागणार होते. नकाशा बदलायचा तर पुन्हा हरकती, पुन्हा सुनावणी, म्हणजे आणखी तीन वर्षे आणि तो सल्लागार. त्यापेक्षा घरे बांधणे सोपे होते.

आठवडाभरातच क्षेत्र तीन हा 'दूरदृष्टीचा पथदर्शी प्रकल्प' असल्याचे जाहीर झाले. हा पिवळा तुकडा ठेवण्याचा आग्रह आपणच धरला होता, असे अध्यक्षबाईंनी भूमिपूजनात सांगितले. तोच आग्रह धरल्याचे नंतर आणखी सात सदस्यांनी सांगितले. आरेखकांना भाषणांच्या वेळी माईकची वायर धरायला उभे केले होते.

गोदामांच्या अर्ध्या जागेवर एकशे साठ घरे झाली. त्यांच्यासाठी एकोणीस हजार अर्ज आले. मागणी शून्य असताना हे कसे, असे एका वार्ताहराने विचारले. सल्लागाराने खुलासा केला : "ही मागणी नव्हे, ही इच्छा आहे. दोन्हींत गल्लत करू नये." सोडत निघाली तेव्हा मुलीने बापाचा हात इतका घट्ट धरला होता, की त्यांच्या बोटांना मुंग्या आल्या. एकशे त्रेचाळिसावा क्रमांक तिचा होता. आरेखकांनी तो ऐकला, पण विश्वास बसला नाही, म्हणून फळ्यापाशी जाऊन त्यांनी तो बोटाने चाचपून पाहिला. जावई दुसऱ्या शहरातली नोकरी सोडून आला आणि तिथेच, सगळ्या लोकांसमोर, आजेसासूबाईंच्या पाया पडता पडता रडू लागला. लग्नानंतर तीन वर्षांनी मुलगी नांदायला गेली. आईने लेकीला पाठवताना सगळे रीतसर केले, अगदी डोळेही पुसले, जरी नवे घर पायी वीस मिनिटांवर होते.

इथे गोष्ट संपली असती तर आरेखक समाधानाने निवृत्त झाले असते. पण पुढे दोन वर्षांनी एका संध्याकाळी मुलगी माहेरी आली. कडेवर वर्षाची नात होती, हातात फाईल.

"बाबा, जरा हे वाचून बघा. तुमच्या ऑफिसची भाषा तुम्हांला चांगली येते. मजबूत लिहून द्या."

आरेखकांनी चष्मा लावला. गोदामांच्या उरलेल्या अर्ध्या जागेवर दुसऱ्या टप्प्याची एकशे साठ घरे प्रस्तावित होती. त्याविरुद्ध ही हरकत होती. सह्या बऱ्याच होत्या. पहिली प्राचार्यांची होती, दुसरी जावयाची.

"जावईबापूंची सही?" आरेखकांच्या बायकोने विचारले.

"ते सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, आई. त्यांना करावीच लागते. आणि प्राचार्यकाकाच म्हणाले, तुम्ही तरुणांनी पुढे आलं पाहिजे. आम्ही उगाच त्यांना नावं ठेवायचो, बाबा. फार चांगला माणूस आहे."

"पण घरांना विरोध का?" आरेखकांनी विचारले.

"विरोध कुठे? घरं हवीतच. पण तिथंच कशाला? आमची पूर्वेची खिडकी बंद होईल. दुपारी ही तिथंच झोपते, वारा येतो म्हणून. शिवाय एकशे साठ घरं म्हणजे किती गाड्या, किती आवाज. आणि कोण कुठली माणसं येतील, काय सांगावं?"

"कोण येतील असं तुला वाटतं?"

"मला काय माहीत? येतील कोणीतरी, घर नसलेली."

सासूबाईंनी पलंगावरून नातीच्या लेकीकडे पाहिले आणि तोंड भिंतीकडे वळवले. आरेखकांच्या ओठांवर एक वाक्य आले होते. चांगले, धारदार वाक्य होते, चार वर्षे त्यांनी ते प्राचार्यांसाठी जपून ठेवले होते. तेवढ्यात नात त्यांच्या खांद्यावर मान टाकून झोपली. त्या खिडकीतला वारा त्यांना ठाऊक होता. रविवारी दुपारी तेही तिथेच आडवे व्हायचे.

त्यांनी मजकूर वाचला, 'नैसर्गिक वायुवीजन' हा शब्द घातला, एक स्वल्पविराम दुरुस्त केला, आणि अर्जाखाली 'ज्येष्ठ नागरिक' असे लिहून सही केली. नात जागी होऊ नये म्हणून ती डाव्या हाताने केली. ती त्यांच्या नेहमीच्या सहीसारखी आली नाही, पण कोणी तपासली नाही. दुसरा टप्पा रद्द झाला. ती जागा आता हिरवी आहे, तिला कुंपण आहे आणि आत कोणालाही जाता येत नाही.

या प्रकरणानंतर साहेबांनी निवृत्तीपूर्वीची एकमेव सुधारणा केली. हरकती लिहिताना नागरिकांचा वेळ जातो म्हणून कार्यालयाने छापील नमुना तयार केला. त्यावर 'माझा घरांना विरोध नाही, परंतु' एवढे आधीच छापलेले आहे. पुढे परंतु भरण्यासाठी चार ओळी आणि खाली सहीसाठी जागा. नमुना विनामूल्य आहे. आपल्या खिडकीसमोर एखादी मोकळी जागा असेल तर आपल्यालाही तो लागेल. खिडक्या असणाऱ्या सर्वांना लागतो. घरांना खरोखरच विरोध असेल त्यांनी छापील ओळ खोडावी, अशी टीप तळाशी आहे. आतापर्यंत नऊ हजार नमुने भरून आले. ओळ कोणीही खोडलेली नाही. आपला नमुना आला की आकडा नऊ हजार एक होईल.